हांगचौची दहा दृश्यं आणि शेन आयी

फोर्सिथियाला मराठीत काय म्हणतात, मला माहीत नाही. बहुधा काहीच म्हणत नसावेत. पान फुटायच्या आधी नुसत्या काटक्यांवर पिवळंजर्द फुलणारं हे झुडूप इथे अ‍ॅशबर्नमध्ये मार्च संपता संपता फुलतं आणि दहा-बारा दिवसांत गळून जातं. आमच्या घरामागे कुंपणाला लागून आधीच्या मालकानं त्याची रांग लावलेली आहे. अजित दर वर्षी म्हणतो, "हे काढून टाकू या गं, नुसतं वेडंवाकडं वाढतं." मी दर वर्षी "बघू" म्हणते. यंदाही म्हटलं. २००८चा वसंत आला, फुलं आली, आणि पाच वर्षांपूर्वीचा श्रूजबरीतला एप्रिल पुन्हा येऊन माझ्याजवळ बसला.

श्रूजबरीत ही फुलं महिनाभर उशिरा यायची. मॅसॅच्युसेट्सचा थंडपणा काही केल्या हटत नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात लोटून ठेवलेला बर्फ काळा पडून आक्रसत जायचा, जमीन ओलीगच्च, हवेत कुजक्या पानांचा वास, आणि अचानक एके सकाळी लॉण्ड्री रूमच्या भिंतीलगत हा पिवळा जाळ. शेन आयीला तो दिसायचा. सरळ बघून नाही दिसायचा. मान वळवून, डोळ्याच्या कडेनं बघितलं की दिसायचा.

ती मला भेटली ती त्या लॉण्ड्री रूममध्येच, आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात. मी ड्रायरमधून सोलापुरी चादर काढत होते. माझे बाबा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात डिझाइनचे ग्राफ काढायचे. अमेरिकेला निघताना त्यांनी स्वतः काढलेल्या मोरांची एक चादर माझ्या बॅगेत कोंबली होती. सत्तरीची, बुटकी, पांढऱ्या केसांचा बॉबकट केलेली एक चिनी बाई माझ्याजवळ आली आणि काही न विचारता तिनं चादरीचं टोक हातात घेतलं. बोटांनी चाचपलं. मग उलटी बाजू वर केली आणि त्यावरून अंगठा फिरवला. डिझाइन काढणारा माणूसच चादर आधी उलटी करतो. बाबा लग्नाकार्यात लोकांच्या घरी जाऊनही हेच करायचे आणि आई डोळे वटारायची.

"जॅकार्ड," तिनं विणीचं नेमकं नाव घेतलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आय ड्रॉ. थर्टी इयर."

मी हर्षानं ओरडलेच, "माय फादर! माय फादर ऑल्सो!"

ती माझ्या कानाकडे बघत हसली. मला वाटलं, माझ्यामागे कुणी आहे. नंतर तिच्या मुलीनं, मिननं, सांगितलं. शेन आयीच्या डोळ्यांचे पडदे मधोमध खराब होत चालले होते. डावा डोळा गेल्यातच जमा होता, उजव्याचा मध्य अजून थोडा शिल्लक होता. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं, आणि आजूबाजूचं सगळं जागच्या जागी. म्हणून तिला माझा चेहरा बघायचा असला की ती माझ्या कानाकडे बघायची.

मिन वूस्टरच्या एका लॅबमध्ये रिसर्च करायची, आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायची. वडील वारल्यावर आईला तिनं इकडे आणलं होतं. तिनंच मला सांगितलं, "माझ्या आईला शेन आयी म्हण. आयी म्हणजे तुमची आण्टी." आमची मावशी, मी मनात म्हटलं. पण कानाला ते 'आई'च लागायचं. सुरुवातीला मनात मी तिला 'त्या' म्हणायचे. आयी म्हणता म्हणता ती 'ती' कधी झाली, कळलं नाही.

मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर होते. राहायला परवानगी, काम करायला नाही. सोलापुरात तीन वर्षं कॉलेजात शिकवलेली मी, दिवसभर खिडकीतून पार्किंग बघायचे. नवंकोरं लायसन्स मिळालं होतं आणि एक जुनी गाडी होती. मिनला लॅब सोडवत नव्हती, आणि शेन आयीला दर काही आठवड्यांनी वूस्टरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं असायचं. "आय कॅन ड्राइव्ह हर," मी म्हटलं. मिनला संकोच वाटला. मला तर कुणीतरी काम दिल्यासारखं वाटलं.

श्रूजबरीतून वूस्टरला जाताना रूट नाइनवर एक लांब तलाव लागतो आणि रस्ता पुलावरून जातो. पहिल्याच फेरीत तिनं मान वळवली.

"लेक?"

"हो, तलाव."

"किती दृश्यं?"

मला प्रश्न समजला नाही. मग वेटिंग रूममध्ये, तिच्या मिशनरी शाळेतल्या मोडक्या इंग्रजीतून आणि माझ्या वहीवर काढलेल्या रेघांतून, तो समजत गेला. तिच्या हांगचौला एक तलाव आहे. आठशे वर्षांपूर्वी कधीतरी चित्रकारांनी त्याच्या काठची दहा दृश्यं निवडली आणि प्रत्येकाला चार अक्षरांचं नाव दिलं. बांधावरची वसंतातली पहाट. तुटक्या पुलावर उरलेला बर्फ. शांत तळ्यावरचा शरदाचा चंद्र. दक्षिणेच्या डोंगरातली संध्याकाळची घंटा. दारूच्या भट्टीशेजारची वाऱ्यानं हललेली कमळं. मूळ जागी खरोखरच भट्टी होती म्हणे, आणि वाऱ्याबरोबर दोन्ही वास यायचे. पुढे काही शतकांनी एक बादशहा आला. त्यानं दहाही ठिकाणी नावं कोरलेले दगड उभे करायला लावले, म्हणजे कुठे उभं राहायचं आणि काय बघायचं हे पक्कंच झालं.

"तुटका पूल तुटलेला नाही," ती म्हणाली. "चांगला पूल. लोक येतात, विचारतात, कुठे तुटला?" आणि खुदुखुदु हसली.

दहातलं एक मात्र खरंच नव्हतं. संध्याकाळच्या उन्हातला लेइफंग पॅगोडा. हजार वर्षांपूर्वीचा, विटांचा. एका हल्ल्यात त्याचं लाकूडकाम जळालं आणि लाल विटांचा नुसता गाभा उरला. तोच लोकांना जास्त आवडायला लागला. त्याच्या विटेचा तुकडा घरात असला की पोरंबाळं सुखरूप राहतात, रेशमाचे किडे मरत नाहीत, अशी समजूत पसरली. ज्यानं त्यानं येऊन थोडं थोडं उकरून नेलं. आणि विसाव्या शतकात, १९२४ साली, एका दुपारी तो सगळाच्या सगळा कोसळला. शेन आयीचा जन्म त्यानंतर सात वर्षांनी झाला.

"माझ्या आईनं बघितला," ती म्हणाली. "मी नाही. पण मी काढला."

तिचा कारखाना रेशमात ही दृश्यं विणायचा. काळ्या-पांढऱ्या रेशमातली चौकटीत लावायची चित्रं. जुन्या फोटोवरून तिनं लेइफंग पॅगोडा ग्राफवर उतरवला होता, एकेक चौकोन रंगवून. सगळ्यात कठीण काय होतं, मी विचारलं. ती म्हणाली, वरचं गवत. पडक्या माथ्यावर गवत आणि झुडपं उगवली होती. गवताचं पातं वाकडं असतं, चौकोन वाकडा नसतो. त्या गवतात तिचे दोन महिने गेले. मला बाबांच्या मोरांचे तुरे आठवले. तुऱ्याची ओळ आली की बाबा घरात कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

मग एक काळ असा आला की दृश्यं विणणं बंद झालं. ते जुनं, सडकं म्हणून तिचे ग्राफ गेले, आणि सगळ्या मागांवर एकाच नेत्याचा चेहरा विणला जाऊ लागला. दहा वर्षं तिनं तोच चेहरा काढला, वेगवेगळ्या मापांत. पुढे परदेशी पाहुणे यायला लागले, त्यांना भेट द्यायला दृश्यं परत आली. दहाचा संच. त्यात लेइफंग पॅगोडाही. खिडकीबाहेर डोंगर मोकळा आणि मागावर पॅगोडा उभा.

आम्ही भेटलो त्याच महिन्यात हांगचौला नवा पॅगोडा बांधून पुरा झाला होता, जुन्याच्या अवशेषांवर. मिनकडे एक चिनी वर्तमानपत्र यायचं, त्यात फोटो होता. शेन आयीनं तो डावीकडे धरला, उजवीकडे धरला, वर धरला. मिननं कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. जितका मोठा केला तितका तो त्या पुसलेल्या जागेतच गेला. "मोकळ्या हवेत दिसेल," ती म्हणाली. "लांबून. तळ्याच्या पलीकडून. तिथे तो छोटा असतो, बाजूला मावेल." एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातलं तिकीट काढलं गेलं. तिचा भाऊ शांघायला घ्यायला येणार होता.

त्या हिवाळ्यात आम्ही पुलावरून किती वेळा गेलो. ती विचारायची, "आज काय?" आणि मी गाडी चालवता चालवता सांगायचे. बर्फ. बर्फाला भोक पाडून मासे धरणारी दोन माणसं. मार्चमध्ये, बर्फ फुटला, मध्ये काळं पाणी. एप्रिलमध्ये, लांबट होड्या वल्हवणारी कॉलेजची मुलं. "इथे उभं राहून बघा, असं कुणी लिहिलं नाही?" तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, "नाही आयी. पुलावर गाडी थांबवता येत नाही."

आणि त्याच वसंतात श्वासाच्या आजाराची ती नवी साथ आली. टीव्हीवर मास्क घातलेली माणसं, रिकामे विमानतळ. चीन, हाँगकाँग, टोरांटो. आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी चायनीज ग्रोसरीत जाणं बंद केलं. मिन एका संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाली, "मी तिचं जाणं कॅन्सल केलं. सहा महिन्यांनी पाठवीन." तिचा चेहरा इतका दमलेला होता की मी फक्त मान हलवली.

पण कागदी तिकीट ड्रॉवरमध्येच होतं. मिनला ते परत करायला सवडच झाली नव्हती. शेन आयीनं ड्रॉवर चाचपून ते शोधलं.

शनिवारी लॉण्ड्री रूममध्ये तिनं माझा हात धरला. बाहेर तो पिवळा जाळ नुकता पेटला होता.

"मंगळवारी मिन लॅबमध्ये. तू गाडी. बॉस्टन एअरपोर्ट. मी जाते."

"आयी, तिकडे आजार आहे..."

"मी एकाहत्तर," ती म्हणाली. मग उजव्या डोळ्यासमोर अंगठा आणि बोट जुळवून एवढंसं भोक केलं. "आता छोटी खिडकी. नंतर नाही."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. "बघू," म्हटलं.

अजितला सांगितलं तर तो उडालाच. "यार, तू वेडी आहेस का? तिला काही झालं तर? तिच्या मुलीनं पोलिसांत कम्प्लेंट केली तर? आपला व्हिसा काय, स्टेटस काय! यात पडू नकोस." तो चुकीचं काही बोलत नव्हता. अर्धी आंधळी बाई, मध्ये विमान बदलायचं, साथीचे दिवस. आणि मी बॉस्टनपर्यंत कधी एकटीनं गाडी नेलेली नव्हती. दोन दिवस मी ही सगळी कारणं मनात घोळवत राहिले. सगळीच खरी होती, आणि तरीही मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी तिच्या दाराशी गाडी लावली. का लावली, ते आजही सांगता येत नाही. तिला 'नाही' म्हणायचं धाडस नव्हतं, एवढंच असेल.

तिनं निळं रेशमी जाकीट घातलं होतं. केस ओले करून विंचरलेले. एक लहान बॅग. मिनच्या टेबलावर चिठ्ठी ठेवलीय म्हणाली. गाडीत बसल्यावर तिचे दिसले तसे आनंदी हात मी क्वचित पाहिलेत: मांडीवर ठेवलेले, तरी स्वस्थ नसलेले. रूट नाइनवर आम्ही तलावाच्या उलट दिशेला वळलो, पूर्वेकडे. वेस्टबरोपाशी माझा वेग कमी झाला. पाठीमागून ट्रक हॉर्न देत गेले. मला अजितचा आवाज ऐकू येत होता, मिनचा दमलेला चेहरा दिसत होता, आणि एका परक्या विमानतळावर ही बाई पाटीवरची अक्षरं कडेनं वाचायला मान वाकडी करतेय, हेही दिसत होतं.

मी गॅस स्टेशनवर गाडी घेतली.

"गॅस भरते, आयी."

"ओके," ती म्हणाली.

टाकी भरलेलीच होती. मी दुकानात गेले आणि कॉफीच्या मशिनपाशी उभी राहून मिनला फोन लावला.

ती पंचवीस मिनिटांत येते म्हणाली. ती पंचवीस मिनिटं मी गाडीत शेन आयीच्या शेजारी बसून काढली. पंपवाल्याचं मशीन बिघडलंय, असं सांगितलं. ती दोनदा म्हणाली, "बॉस्टन लांब?" मी दोनदा म्हटलं, "जवळच आहे." मग ती बोलायला लागली. भाऊ होडी ठरवून ठेवणार आहे. तळ्याच्या या काठावरून नावेनं निघायचं, संध्याकाळी, ऊन पश्चिमेला असताना. मी स्टिअरिंगला धरून ऐकत होते.

मिनची गाडी आली तेव्हा शेन आयीनं आधी आवाज ओळखला. मायलेकी त्यांच्या भाषेत बोलल्या. भांडण नव्हतं. मिन रडत होती आणि आई फार हळू, समजावल्यासारखं काहीतरी सांगत होती, जणू हट्ट मिनचाच होता. मग ती उतरली, बॅग स्वतः उचलली आणि मिनच्या गाडीत जाऊन बसली. माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, तिनं बघितलं नाही. "थँक यू," मिन मला म्हणाली. आजवर कुणाच्या आभारांनी मला इतकी लाज वाटलेली नाही.

हांगचौत त्या आजाराचे रुग्ण अगदी थोडे निघाले. जून संपेपर्यंत साथ ओसरली. जुलैच्या सुरुवातीला शेन आयीच्या उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला आणि ती छोटी खिडकी बंद झाली. डॉक्टर म्हणाले, हे कुठेही, कधीही झालं असतं. मिननं ते मला शब्दशः सांगितलं, माझं समाधान व्हावं म्हणून. माझं समाधान एका साध्या गोष्टीपाशी अडतं: मे आणि जून, हे दोन महिने होते. तिला एक संध्याकाळ पुरली असती.

ऑक्टोबरात मिन तिला कायमची हांगचौला पोचवायला गेली. तिकडून मिनची एक ई-मेल आली. ते नावेतून गेले. पाच मजली पॅगोडा, तांब्याची छपरं, वर जायला सरकते जिने आणि लिफ्ट. भावानं एकेक मजला वर्णन करून सांगितला. शेन आयीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वर गवत आहे का?" नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग चला. मिनला वाटलं, आई म्हणतेय की हा तिचा पॅगोडाच नव्हे, म्हणजे न दिसल्याचं फारसं दुःख नाही. मीही बरेच दिवस तसं समजायचा प्रयत्न केला. पण माणूस बघून 'हा नव्हे' म्हणू शकतो. तिला तेही करता आलं नाही.

पुढे आम्ही इकडे आलो, मिन कॅलिफोर्नियाला गेली. नव्या वर्षाची कार्डं दोन वर्षं आली, मग थांबली. शेन आयी आहे की नाही, मला माहीत नाही. विचारायला मिनचा जुना ई-मेल पत्ता आहे. दर वसंतात मी दोन ओळी लिहिते आणि पुसून टाकते.

आज मात्र एक गोष्ट लिहून टाकते, जी मी अजितलाही सांगितलेली नाही. त्या मंगळवारनंतरही दवाखान्याच्या फेऱ्या चालूच राहिल्या. मिनची लॅब होती, दुसरं न्यायला कुणी नव्हतं. ज्या बाईनं फसवलं तिच्याच गाडीत बसायला शेन आयीला दुसरा इलाज नव्हता. ती मागच्या सीटवर बसायची. पुलावरून जाताना ती काही विचारायची नाही, आणि मी काही सांगायचे नाही. मे, जून, जुलै असेच गेले.

ऑगस्टमध्ये शेवटची फेरी झाली. आता आणायची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही बाहेर आलो. भर दुपारचं ऊन होतं. दाराबाहेर ती थांबली.

"माझ्या जागी तुझी आई असती," ती म्हणाली, "कुणी असं गाडीनं घेऊन चाललं असतं, तर तुला फोन यावा असं वाटलं असतं?"

मी म्हटलं, "हो."

तिनं मान डोलावली. "गुड डॉटर," ती म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, चूक दुरुस्त केल्यासारखं: "बॅड फ्रेंड."

उत्तराची वाट ती बघत नव्हती. तिनं पायानं पुढची जमीन चाचपली. खाली चार पायऱ्या होत्या, कठडा पलीकडच्या बाजूला होता, आणि आसपास दुसरं कुणी नव्हतं. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग तिनं हात पुढे केला, आणि मी तो धरला.